अप्पांच्या स्वादुपिंडात गाठ आहे. आधी ऑपरेशन की आधी केमो?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझे वडील, अप्पा, वय ६१, एसटीत कंडक्टर होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माळकरी आहेत, कसलं व्यसन नाही. दिवाळीनंतर त्यांचं वजन उतरायला लागलं. रक्त तपासलं तर साखर निघाली, गोळी सुरू झाली. आम्हाला वाटलं, शुगरनेच वजन जातंय. मग अंगाला खाज, लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे. काकांनी शेजारच्या गावातून काविळीचं औषध आणलं, त्यात पंधरवडा गेला. शेवटी सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन केला. स्वादुपिंडाच्या डोक्यात २.८ सेंटिमीटरची गाठ आहे, एका शिरेला टेकलेली आहे, लिव्हरवर काही नाही. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ११ आणि सीए १९-९ म्हणून एक तपासणी आहे, ती ६४०. रिपोर्टची प्रत सोबत पाठवते आहे.

एक सर्जन म्हणाले, लगेच ऑपरेशन करू. दुसरे डॉक्टर म्हणाले, आधी केमो. काका म्हणतात सुई लावली की गाठ पसरते, आणि अप्पांना कॅन्सरचं नाव काढायचं नाही. भाऊ पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, पर्रीकरांना न्यूयॉर्कला नेलं तरी उपयोग झाला नाही, मग आपण अप्पांचे हाल कशाला करायचे? इंटरनेटवर सहा महिने असं वाचलं. आम्हाला काही सुचत नाही.
— एक मुलगी

ताई,

दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या म्हणजे त्यातला एक चुकतोय, असं तुम्ही धरून चालला आहात. रिपोर्ट वाचून मला तरी दोघांपैकी कुणी चुकलेलं दिसत नाही. अप्पांची गाठ नेमकी अशा ठिकाणी आहे की दोन्ही रस्ते निघू शकतात. त्यातला कुठला धरायचा हे ठरेपर्यंत घाईने काही करून बसू नका. या आजारात काय करायचं याइतकंच ते कुठल्या क्रमाने करायचं याला महत्त्व आहे. (मी फिजिशियन आहे, कॅन्सरचा सर्जन नाही, आणि अप्पांना मी तपासलेलं नाही. पुढचं सगळं त्या मर्यादेत वाचा.)

स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्याच्या पुढे आडवं असतं, साधारण वीतभर लांब. त्याची शेपटी डावीकडे प्लीहेपर्यंत जाते आणि डोकं उजवीकडे, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं असतं. लिव्हरकडून येणारी पित्ताची नळी आतड्यात उतरण्याआधी या डोक्यातून जाते. तिथे गाठ वाढली की नळी दाबली जाते आणि पित्त रक्तात साठतं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग मातीसारखा, आणि खाज अशी की रात्र रात्र झोप नाही. पोटात फारसं दुखत नाही, म्हणून घरचे साधी कावीळ समजून झाडपाल्याचं औषध आणतात. तुमच्या काकांनी गावोगाव जे होतं तेच केलं. तो पंधरवडा वाया गेला, पण सगळं त्यानेच बिघडलं असं धरून त्यांच्यावर खापर फोडू नका. शेपटीतली गाठ कावीळ करत नाही. ती पाठीत दुखेपर्यंत गप्प वाढते आणि सापडते तेव्हा बहुधा लिव्हरपर्यंत पोचलेली असते. अप्पांना कावीळ झाली म्हणून गाठ पावणेतीन सेंटिमीटरची असताना हाती लागली.

साखरेबद्दल तुम्हाला आता चुटपुट लागली असेल. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि सोबत वजन झपाट्याने उतरत असेल तर स्वादुपिंडाकडे बघायला हवं, हे खरं. पण पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभरांत पुढच्या तीन वर्षांत हा कॅन्सर निघतो तो जेमतेम एकाला. तुमच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली यात वावगं काही नव्हतं. हे वाचणाऱ्या इतर मधुमेहींनीही उद्या सकाळी सीटी स्कॅनच्या रांगेत उभं राहू नये.

आता रिपोर्टमधलं ते 'टेकलेली आहे'. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या मागून दोन मोठ्या वाहिन्या जातात. एक शीर, आतड्यांतलं रक्त लिव्हरकडे नेणारी. दुसरी धमनी, आतड्यांना रक्त पुरवणारी. गाठ काढता येईल की नाही हे गाठीच्या आकारापेक्षा या दोन वाहिन्यांवर जास्त ठरतं. धमनीला गाठीने वेढा घातला असेल तर सहसा सर्जन हात लावत नाहीत. शिरेचं तसं नाही. गरज पडली तर तिचा तुकडा काढून पुन्हा जोडता येतो. अप्पांच्या रिपोर्टमध्ये धमनी मोकळी आहे, आणि शिरेला गाठ १८० अंशांपेक्षा कमी, म्हणजे निम्म्याहून कमी घेराला टेकली आहे. शीर दबलेली किंवा वेडीवाकडी झालेली नाही. लिव्हर, फुप्फुसं साफ आहेत. कागदावर ही 'काढण्याजोगी' गाठ आहे, मात्र 'सीमेवरच्या', म्हणजे लगेच काढावी की नाही अशी शंका असलेल्या गाठीपासून फार लांब नाही. निदानाच्या वेळी शंभरांत पंधरा-वीस जणच काढण्याजोग्या गटात असतात. बाकीच्यांची गाठ वाहिन्यांना वेढून बसलेली तरी असते, नाही तर लिव्हरमध्ये किंवा पोटाच्या पडद्यावर पसरलेली तरी. अप्पा त्या पंधरा-विसांत आहेत असं सध्या दिसतंय. हे भावाला आधी सांगा.

मग दुसरे डॉक्टर आधी केमो का म्हणाले? बहुतेक त्या ६४० आकड्यामुळे. सीए १९-९ हा या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा एक पदार्थ. तो फार वाढलेला असेल तर स्कॅनमध्ये न दिसणारे बारीक कण आणखी कुठे गेले असावेत, अशी शंका येते. अशा वेळी आधी काही महिने केमो देतात, पुन्हा स्कॅन करतात आणि मग ऑपरेशन. त्या काळात आजार इतरत्र डोकं वर काढणारच असेल तर ते दिसून येतं आणि रुग्ण एका मोठ्या ऑपरेशनमधून विनाकारण जात नाही. पण यात एक गोम आहे. पित्त अडलेलं असताना सीए १९-९ कॅन्सर नसतानाही चढतं. बिलिरुबिन ११ असताना आलेल्या ६४० चा अर्थ लावता येत नाही. कावीळ उतरल्यावर ते पुन्हा तपासायचं आणि तेव्हाचा आकडा धरायचा. ते ८० पर्यंत उतरलं तर एक गोष्ट, ६०० च्या आसपासच राहिलं तर दुसरी. (काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ मुळात तयारच होत नाही. त्यांचा आकडा गाठ असूनही नॉर्मल येतो. निदान एकट्या या तपासणीवर कधीच करत नाहीत ते त्यामुळे.)

सीमेवरच्या गाठीत आधी केमो हे आता बहुतेक सगळीकडे मान्य झालंय. स्वच्छ काढता येण्याजोग्या गाठीत मात्र तज्ज्ञांचं एकमत नाही. मोठ्या चाचण्यांचे निकाल एका सुरात आलेले नाहीत. म्हणून हा निर्णय एका डॉक्टरने ओपीडीत दहा मिनिटांत घेण्याजोगा नाही. सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि एंडोस्कोपीचे डॉक्टर एकत्र बसून स्कॅन पडद्यावर बघतात आणि ठरवतात. याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. अशी बैठक जिथे दर आठवड्याला होते तिथे जा. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, या ऑपरेशनांचा देशातला सर्वांत मोठा अनुभव असलेल्या जागांपैकी ते एक. पण तेवढं एकच ठिकाण आहे असं नाही. टाटाच्या पुढाकाराने २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालयं आहेत. पुण्यातही अनुभवी सर्जन आहेत. कुठेही गेलात तरी सर्जनला न संकोचता विचारा, 'ही ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात?' वीसच्या वर ऐकायला मिळालं पाहिजे. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

जाताना सीटी स्कॅनची सीडी न्या. नुसत्या छापील फिल्म आणि रिपोर्ट नेलेत तर स्कॅन बहुधा पुन्हा करायला लावतील, कारण पडद्यावर एकेक मिलिमीटरच्या पट्ट्या पुढेमागे करून ती शीर बघावी लागते.

आता सुईबद्दल. काकांची भीती सार्वत्रिक आहे, पण इथे तिला फारसा आधार नाही. या गाठीचा तुकडा पोटावरून सुई खुपसून सहसा घेत नाहीत. तोंडातून दुर्बीण आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंत नेतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, आणि आतड्याच्या भिंतीतून सुई गाठीत घालतात. पुढे ऑपरेशनमध्ये तो आतड्याचा भाग गाठीबरोबरच काढला जातो. म्हणजे सुई ज्या वाटेने गेली ती वाटच शरीरात उरत नाही. बायोप्सी, म्हणजे असा तुकडा काढून तपासणं, मुळात लागणार का, हेही क्रमावर अवलंबून आहे. आधी ऑपरेशन ठरलं आणि स्कॅनमधलं चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सीशिवाय थेट ऑपरेशन करतात. बायोप्सीत काही सापडलं नाही तरी ऑपरेशन टळत नाहीच. आधी केमो ठरली तर मात्र बायोप्सी हवीच. कॅन्सर सिद्ध झाल्याशिवाय कुणी केमो देऊ नये, आणि तुम्हीही घेऊ देऊ नका. जुनाट सूज, क्षयाच्या गाठी, शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडावरच केलेला हल्ला, यांतलं काहीही हुबेहूब कॅन्सरसारखं दिसू शकतं. पित्तनळीच्या तोंडाशी झालेला कॅन्सरही असाच कावीळ घेऊन येतो. त्याचं ऑपरेशन हेच, पण भवितव्य पुष्कळ चांगलं.

स्टेंटचंही, म्हणजे दबलेली पित्तनळी उघडी ठेवायला आत टाकतात त्या छोट्या नळीचंही, तसंच. तुमच्या गावाजवळ कुणी 'आधी नळी टाकून कावीळ उतरवू' म्हणालं तर थांबा. खाज पाहवत नाही, मोह होतो, हे मला कळतं. पण दुर्बिणीतून स्टेंट टाकल्यावर तिथे सूज येते आणि नंतरच्या स्कॅनमध्ये शीर-धमनीचं चित्र धूसर होतं. शिवाय जंतुसंसर्ग होऊ शकतो. नेदरलँड्समध्ये झालेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या रुग्णांचं बिलिरुबिन साधारण अप्पांच्या आसपास होतं. आधी प्लॅस्टिकचा स्टेंट टाकून मग ऑपरेशन केलेल्यांत गंभीर गुंतागुंत ७४ टक्के, थेट ऑपरेशन केलेल्यांत ३९ टक्के. तेव्हा पंधरा दिवसांत ऑपरेशन होणार असेल तर ११ बिलिरुबिनला स्टेंटची गरज बहुधा नाही. आधी केमो ठरली, किंवा ऑपरेशनची तारीख लांबची मिळाली, तर तो टाकावाच लागेल. तेव्हा धातूचा आखूड स्टेंट मागा. प्लॅस्टिकचा तीनेक महिन्यांत तुंबतो.

या सगळ्याला एक अपवाद आहे आणि तो ठळक लक्षात ठेवा. हुडहुडी भरून ताप आला तर अडलेल्या पित्तात जंतू शिरले असं समजायचं आणि त्याच रात्री जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं. तिथे तातडीने स्टेंट टाकला तर टाकू द्या. तेव्हा क्रमाबिमाचा विचार करायचा नाही.

ऑपरेशनचं नाव व्हिपल. अमेरिकेतले सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून हेच नाव पडलं. यात स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचं पहिलं वळण, पित्ताशय, पित्तनळीचा खालचा भाग, कधी जठराचा थोडा तुकडा काढतात. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर असे तीन जोड आतड्याला नव्याने करतात. पाच-सहा तास किंवा जास्तही लागतात. नेहमी ही ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण शंभरांत पाचांच्या खाली आलंय, पण गुंतागुंत तीस-चाळीस जणांना होतेच. सर्वांत जास्त भीती स्वादुपिंडाच्या जोडातून रस गळण्याची. तो रस अन्न पचवतो तसाच आजूबाजूच्या वाहिन्यांनाही खातो. काहींचं जठर महिनाभर चालायला तयार नसतं, नाकात नळी राहते. तुम्ही दहा-पंधरा दिवसांच्या मुक्कामाची तयारी ठेवून जा आणि तो लांबला तर घाबरू नका. आणखी एक, जे कुणी आधी सांगत नाही. पोट उघडल्यावर किंवा दुर्बिणीने आत डोकावल्यावर स्कॅनमध्ये न दिसलेले दाणे पोटाच्या पडद्यावर सापडले तर सर्जन गाठ न काढता बाहेर येतात. हे ऑपरेशन फसणं नव्हे. पण ओटीच्या दारात अचानक ऐकायला लागलं तर पायाखालची जमीन सरकते, म्हणून आत्ताच माहीत असू द्या.

ऑपरेशनने गोष्ट संपत नाही. आधी नाही तर नंतर, केमो लागतेच. सध्या सर्वांत जोरकस समजली जाते ती फॉल्फिरिनॉक्स, एकाच वेळी तीन कॅन्सरविरोधी औषधं आणि चौथं त्यांतल्या एकाला बळ देणारं. दर पंधरा दिवसांनी, एकूण बारा वेळा. छातीत कातडीखाली एक पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडायची छोटी डबी, बसवतात आणि त्यातलं एक औषध छोट्या पंपातून ४६ तास चालू राहतं. बरेच जण तो पंप कमरेला लावून घरी किंवा धर्मशाळेत जातात. यातल्या ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे थंड वस्तू झोंबतात. पहाटेच्या गार पाण्यात हात घातला की बोटांत मुंग्या, फ्रिजमधलं पाणी प्यायलं की घशात काटे. केमोनंतर चार-पाच दिवस अप्पांना कोमट पाणी द्या, आणि पहाटे थंड पाण्याने अंघोळ करायची सवय असेल तर ती बंद. ज्यांना ही चौकडी झेपणार नाही त्यांना जेमसायटाबिन, सोबत कधी कॅपेसायटाबिनच्या गोळ्या, देतात. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच रुग्णालयात. एक पाय अचानक सुजला तरी तसंच. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात.

आता सहा महिने. इंटरनेटवरच्या आकड्यांत सगळ्या टप्प्यांचे, सगळ्या वयांचे, काहीच उपचार न मिळालेलेही लोक एकत्र धरलेले असतात. आजार वाईट आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. २०२२ मध्ये जगभरात याचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी मृत्यू सुमारे ४ लाख ६७ हजार. दूर पसरलेल्या आजारात फॉल्फिरिनॉक्स घेणारे निम्मे रुग्ण अकरा महिन्यांच्या पुढे गेले, नुसत्या जेमसायटाबिनवर पावणेसात. हे २०११ सालचं संशोधन. पण ज्यांची गाठ पूर्ण काढली गेली आणि नंतर हीच केमो थोड्या बदललेल्या मात्रेत झेपली, अशांवरची फ्रान्स आणि कॅनडातली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यात निम्मे रुग्ण ५४ महिन्यांनंतरही हयात होते. ते निवडक, ऑपरेशनमधून नीट सावरलेले लोक होते, म्हणून तो आकडा अप्पांना थेट लावू नका. पण आजार तोच असून सहा आणि ५४ महिने इतकी तफावत पडू शकते, मग भावाने सहाच का धरावेत?

पर्रीकरांचं म्हणाल तर, फेब्रुवारी २०१८ मध्ये ते आजारी पडले आणि १७ मार्च २०१९ ला गेले. नाकात नळी असताना त्यांनी गोव्याचा अर्थसंकल्प मांडला, ते चित्र आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आणि ते मनातून जात नाही. पण त्यांचा आजार सापडला तेव्हा कुठल्या टप्प्यात होता, हे तुमच्या भावाला माहीत नाही आणि मलाही नाही. दुसऱ्या टोकाला लोक स्टीव्ह जॉब्जचं नाव घेतात, २००३ ला निदान आणि २०११ पर्यंत जगले म्हणून. त्यांचा प्रकारच निराळा, न्यूरोएंडोक्राइन, हळू वाढणारा होता. दुसऱ्याची फाइल बघून अप्पांचा निर्णय करू नका.

अप्पांना सांगायचं का? सांगा. काकांच्या मायेबद्दल शंका नाही, पण ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं रोज रात्री डेपोत पैशांचा हिशेब पैन् पैचा दिला, त्याला स्वतःच्या पोटाचा हिशेब कळू न देणं मला पटत नाही. तसंही टाटाच्या दारावरची पाटी त्यांना वाचता येते, आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही त्यांचीच लागणार आहे. एकदम सगळं ओतायची गरज नाही. असं म्हणून बघा, 'अप्पा, स्वादुपिंडात गाठ आहे, तिच्यामुळे कावीळ झालीय. गाठ चांगली नसावी अशी डॉक्टरांना शंका आहे. काढता येईल असं दिसतंय. तुम्हाला सगळं सांगू, की डॉक्टरांशी आम्ही बोलू?' काही जण म्हणतात, तुम्हीच बघा. तोही त्यांचा निर्णय असतो, तोही मानायचा. आणि अप्पा म्हणाले की मला ऑपरेशन नको, तर कुणीतरी शांतपणे का ते विचारा. पुष्कळदा कारण आजाराचं नसतं, पोरांना खर्चात घालायचं नाही हे असतं.

तर खर्च. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा आणि नेमकं विचारा, 'हे ऑपरेशन आणि ही केमो, दोन्ही या रुग्णालयात योजनेत बसतात का?' योजना लागू आहे या मोघम उत्तरावर थांबू नका. आधी पैसे भरून नंतर योजनेत घालून घेणं फार जड जातं. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्याला रेल्वेभाड्यात मोठी सवलत असते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून मिळतो. मुंबईत राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन नाव सांगा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण काकांनी एव्हाना दूध आणि साखर बंद केली असेल, अशी माझी अटकळ आहे. चालू करा. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस वाळतो. मधुमेहाची औषधं डॉक्टर त्यानुसार बदलतील. अप्पा माळकरी, म्हणजे अंडी-मासे नाहीत, मग दूध, दही, पनीर, डाळी, शेंगदाणे हीच त्यांची ताकद. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. शौच तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं आणि दोन बादल्या ओतूनही न जाणारं होत असेल तर पाचक रस कमी पडतोय. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण मोठं असेल तर मध्ये आणखी एक. जेवण झाल्यावर घेतलेली वाया जाते. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. माळकरी माणसाला हे आधी सांगायला हवं, मागून कळलं तर विश्वास जातो. बुरशीपासून केलेल्या गोळ्या मिळतात, पण त्यांचा गुण तेवढा सिद्ध झालेला नाही. घ्यायच्या की नाही ते अप्पा ठरवतील. औषध म्हणून घेणारे माळकरी मी पाहिलेत, नको म्हणणारेही. आणि काविळीच्या औषधाची उरलेली पुडी फेकून न देता टाटाला घेऊन जा. आत काय होतं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना माहीत असलेलं बरं. तोवर ती अप्पांना देऊ मात्र नका.

पाठीत, पोटात दुखू लागलं तर सोसायला लावू नका. मॉर्फिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीत नीट दिल्या तर व्यसन लागण्याची भीती बाळगायचं कारण नाही. गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन दुखणं तोडता येतं. त्यासाठी वेदनाशामक उपचारांचा विभाग असतो. तिथे पाठवलं म्हणजे आशा सोडली, असा अर्थ काढू नका. ऑपरेशनच्या आधीपासूनही त्यांची मदत घेतात.

कॅन्सर नक्की झाला की अप्पांची जनुकीय तपासणी करायला सांगा, रक्ताच्या एका नमुन्यात होते. शंभरांत पाच-दहा रुग्णांमध्ये बीआरसीएसारखा जनुकीय दोष सापडतो. तो सापडला तर अप्पांसाठी काही औषधं जास्त उपयोगी ठरतात, आणि तुम्ही भावंडांनी स्वतःची तपासणी कधी करायची तेही ठरतं. तुमच्या बाबतीत त्यात स्तनांचा कॅन्सरही आला, हे लक्षात असू द्या. नाही सापडला तर दरवर्षी स्कॅन करत बसायचं कारण नाही. पुण्यातला भाऊ सिगारेट ओढत असेल तर ती मात्र आज सोडू द्या. ओढणाऱ्यांना या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट असतो.

निघण्याआधी गावातल्या डॉक्टरांकडून दोन कामं करून घ्या. कावीळ लांबली की रक्त गोठायला वेळ लागतो. त्याची पीटी-आयएनआर तपासणी करा, बिघडलेली असली तर व्हिटॅमिन के ची इंजेक्शनं मुंबईला जायच्या आधी इथेच सुरू होतात आणि तिकडचे दिवस वाचतात. आणि खाजेवर गोळी मागा. पूर्ण जाणार नाही, पण अप्पांना प्रवासाच्या आदल्या रात्री झोप लागेल.